लाकूड, काटा, कातडी

एप्रिलमध्ये नाशिककडच्या द्राक्षबागेत खरड छाटणी उरकली की वेलींकडे बघवत नाही. हिरवं म्हणून काही उरलेलं नसतं. नुसते ओलांडे आणि त्यांवरचे ताजे काप. मग मोरचूद आणि कळीच्या चुन्याची बोर्डो पेस्ट कालवली जाते आणि एखादा गडी ब्रश घेऊन खोडांना, कापांना निळसर लेप देत ओळीने पुढे सरकतो. कशाला, म्हणून विचारलंत तर तो सांगेल, ‘बुरशी आत शिरू नये म्हणून.’ मला जे सांगायचंय त्यातलं निम्मं या उत्तरात आलंच. उरलेलं निम्मं एवढंच, की असे काप माणसाच्या कातडीवरही पडतात आणि तिथे ब्रश घेऊन कोणी फिरत नाही.

बुरशीचा वडिलोपार्जित धंदा मेलेलं खाण्याचा. पडलेला ओंडका, कुजका पाला, शेणखत यांवर तिचं पिढ्यान्‌पिढ्या उत्तम चाललेलं असतं. जिवंत झाडाची साल हा तिच्यासाठी बंद दरवाजा, आणि आपली कातडीही तशीच. दरवाजा फुटला की मात्र आतलं घर आंब्याचं आहे की माणसाचं, याची काही बुरशा फारशी चौकशी करत नाहीत. चौकशी आपण करतो. झाडाचा रोग कृषी विद्यापीठात जातो, माणसाचा इस्पितळात. दोघांच्या नमुन्यांत एकच बुरशी असली तरी दोन्ही तज्ज्ञांची गाठ पडेलच असं नाही.

एकदा पडली, त्याची ही हकीकत. १९७४ साली अमेरिकी संशोधकांनी मूत्रपिंड-रोपण झालेल्या एका रोग्याच्या कातडीखालच्या गाठीतून एक तपकिरी बुरशी वेगळी केली आणि तिला फियालोफोरा पॅरासिटिका असं नाव दिलं. नवं मूत्रपिंड टिकावं म्हणून त्या रोग्याची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली होती. दोनच वर्षांनी तीच बुरशी निरनिराळ्या वाळत चाललेल्या झाडांच्या लाकडात सापडल्याचं प्रसिद्ध झालं. म्हणजे माणसात आधी सापडली, झाडात नंतर. पुढे १९९६ मध्ये पेद्रो क्राउस, वॉल्टर गॅम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यासाठी नवी प्रजातीच उभी केली: फिओअ‍ॅक्रिमोनियम. नाव म्हणजे जिभेचा व्यायाम आहे, पण त्या निबंधाचं शीर्षक मला फार आवडतं. लाकडी झाडांची मर आणि माणसांतले संसर्ग, दोन्ही त्या एकाच शीर्षकात शेजारी बसले आहेत.

युरोपातल्या द्राक्षवाल्यांना या बुरशीची करामत नावाआधीपासून ठाऊक होती. १९१२ मध्ये लिओनेल्लो पेत्रीने सिसिलीतल्या मरगळलेल्या वेलींचं वर्णन केलं. अशा वेलीचं खोड आडवं कापलं की लाकडात काळे ठिपके दिसतात आणि त्यांतून काळा, चिकट द्रव पाझरतो. या आजाराचाच थोरला भाऊ म्हणजे ‘इस्का’. त्यात अनेक बुरशा मिळून जुन्या वेलीचं लाकूड आतून खातात. वरून पानं बरी दिसत असतात, आणि ऐन उन्हाळ्यात लगडलेला वेल दोनचार दिवसांत उभाच्या उभा वाळतो. फ्रान्समध्ये यावर सोडियम आर्सेनाइट मारत असत. २००१ मध्ये ते बंद झालं. ते माणसाला मारत होतं, ही तक्रार रास्तच होती. वेलीला त्याच्या तोडीचं दुसरं औषध अजून मिळालेलं नाही. तिथेही भिस्त आहे ती छाटणीच्या जखमेवरच्या लेपावर.

माणसाकडे या विषयाची पहिली शास्त्रीय वाट मुंबईतून गेली आहे, आणि पुढे साताऱ्यातूनही. ‘ग्रेज अ‍ॅनॉटॉमी’ हे वैद्यकाचं जगप्रसिद्ध पुस्तक १८५८ साली आलं. त्यातली चित्रं हेन्री व्हॅनडाइक कार्टर या तरुण डॉक्टरची. त्याला एकरकमी १५० पौंड मिळाले, रॉयल्टी काहीच नाही, आणि मुखपृष्ठावर त्याचं नाव ग्रेच्या नावापेक्षा बारीक छापलं गेलं. त्याच वर्षी कार्टर मुंबईला आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीरशास्त्र शिकवू लागला. तिथे त्याच्यापुढे आले ते सुजलेल्या, गाठाळ, भोकं पडलेल्या पायांचे रोगी. त्या भोकांतून पू यायचा आणि पुवासोबत राईएवढे काळे दाणे. मदुराईकडे हा रोग इतका दिसे की त्याला ‘मदुरा पाय’ म्हणत. हे दाणे म्हणजे बुरशी आहे हे कार्टरने ओळखलं आणि १८६० मध्ये रोगाला ‘मायसेटोमा’ हे नाव दिलं. नंतर तो काही वर्षं साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता. १८७४ मध्ये त्याने या रोगावर स्वतंत्र पुस्तक काढलं. त्यात चित्रंही त्याची आणि नावही त्याचंच, ठळक.

मायसेटोमाची बुरशी झाडाला आजारी पाडत नाही, हे मान्य. ती मातीत असते. अनवाणी पायात बाभळीचा काटा मोडतो आणि त्याच्याबरोबर ती आत जाते, असं मानतात. काटा निघतो, रोगी विसरतो, आणि काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी पायावर न दुखणारी गाठ येते. न दुखणं हीच या रोगाची खरी लबाडी. दुखलं असतं तर माणूस वेळेत दवाखान्यात गेला असता. पाय कापायची वेळ आली तरी जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग ‘दुर्लक्षितां’च्या यादीत घेतला तो २०१६ मध्ये. दुर्लक्ष कोणाचं झालं, हे वेगळं सांगायला नको: अनवाणी माणसांचं.

काट्यावरची दुसरी पाहुणी स्पोरोथ्रिक्स. गुलाबाची निगा राखणाऱ्या माळ्याच्या बोटाला काटा लागतो, मग बोटापासून दंडापर्यंत गाठींची माळ चढते. बेंजामिन शेंकने बाल्टिमोरमध्ये १८९६ साली ही बुरशी प्रथम वेगळी केली. पण तिचं खरं थैमान झालं ते दक्षिण आफ्रिकेत, १९४१ ते ४४ च्या दरम्यान, विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींत. छताला टेकू म्हणून उभ्या केलेल्या लाकडांवर ती वाढली. खाणीतली दमट ऊब तिला मानवली आणि लाकडाला अंग घासत ये-जा करणाऱ्या जवळजवळ ३,००० मजुरांना लागण झाली. लाकडांवर बुरशीनाशक फवारलं, मजुरांना पोटॅशियम आयोडाइड दिलं, आणि साथ आटोपली. एकाच वेळी लाकडावर आणि माणसावर उपचार, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही. या स्पोरोथ्रिक्सची भावकीही बघण्यासारखी आहे. युरोप-अमेरिकेतले एल्म वृक्ष कोट्यवधींनी ज्या ‘डच एल्म’ रोगाने मेले, त्याची बुरशी हिच्याच गणातली. फरक म्हणजे तिला सालीखालचे भुंगेरे वाहून नेतात, हिला काटा.

मग झाडांच्या हजारो बुरशा आपल्याला का सोडतात? मुख्य कारण साधं आहे: आपण गरम आहोत. ३० ते ४० अंश सेल्सियसच्या टप्प्यात तापमान एकेका अंशाने वाढलं की सुमारे सहा टक्के बुरशा गळतात, असा हिशोब व्हिन्सेंट रॉबर्ट आणि आर्तुरो कॅसाडेव्हाल यांनी २००९ मध्ये मांडला. ३७ अंशाला टिकणाऱ्या थोड्याच उरतात. त्यातही आपली प्रतिकारशक्ती उभी असते. ती ढळली की काय होतं, ते महाराष्ट्राने २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसच्या रूपाने पाहिलं: कोविड, वाढलेली साखर आणि स्टेरॉइड. ‘काळी बुरशी’ हे नाव तेव्हा घरोघरी गेलं. खरं तर काळी पडत होती ती रक्ताविना मेलेली पेशीजालं, बुरशी नव्हे.

कधी प्रतिकारशक्ती ढळल्याचं दिसतही नाही. कोलकात्यात ६१ वर्षांच्या एका वनस्पती-बुरशीतज्ज्ञाचा आवाज बसला, खोकला लागला, आणि मानेत श्वासनलिकेशेजारी पुवाची गाठ निघाली. आत होती कोंड्रोस्टेरियम पर्पुरियम, प्लमसारख्या झाडांची पानं रुपेरी करणारी बुरशी, जी माणसात त्याआधी कोणी पाहिली नव्हती. २०२३ मध्ये हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. पू काढून आणि दोन महिने व्होरिकोनॅझोल देऊन रोगी बरा झाला. माणसाने आयुष्यभर ज्यांचा अभ्यास केला, त्यांच्यातलीच एक त्याच्या गळ्याशी आली.

काही बुरशा मात्र इतक्या नाट्याशिवायच राहतात. १९३३ मध्ये इजिप्तमधल्या सफरचंद-जर्दाळूच्या वाळत्या फांद्यांवर नोंदलेली एक बुरशी १९७० मध्ये उष्ण देशांतून ब्रिटनला गेलेल्या लोकांच्या तळव्यांत आणि नखांत सापडली. आज तिला निओसायटॅलिडियम म्हणतात. दिसायला अगदी चिखल्या, पण चिखल्यांचं नेहमीचं औषध तिला लागू पडत नाही. ड्रॅगन फ्रूटच्या बागांनाही तीच छळते.

औषधांचं म्हणाल, तर दोन्ही रोग्यांना एका छपराखाली आणणारी जागा आपल्याकडेच होती. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला तो पेनिसिलिनसाठी. तिथे संशोधनाला होते एम. जे. तिरुमलाचार, मूळचे पिकांवरच्या तांबेरा-काणीचे जाणकार. त्यांच्या चमूने मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिसच्या एका जातीतून बुरशीविरोधी द्रव्य काढलं. त्या जातीला नाव दिलं पिंप्रिना, आणि औषधाला कारखान्याच्या आद्याक्षरांवरून हॅमायसिन. ते माणसांसाठी. लगोलग त्याच कुळातलं ऑरिओफंगिन आलं, ते पिकांसाठी. दोन्हींचा घाव एकाच जागी बसतो: बुरशीच्या पेशीच्या आवरणातल्या एर्गोस्टेरॉलवर. पिंपरी म्हटलं की आज मोटारी आठवतात. मला हे दोन डबे आठवतात.

त्यानंतर आलेल्या औषधांची गोष्ट इतकी गोड नाही. भुरीवर बागेत हेक्साकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल मारतात. इस्पितळात इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल देतात. नावांची शेपटं सारखी आहेत, कारण मारही सारखाच आहे. नेदरलँड्समध्ये असं दिसलं, की कधीही हे औषध न घेतलेल्या काही रोग्यांच्या फुप्फुसातल्या अ‍ॅस्परजिलस या बुरशीला ते लागू पडत नाही. शेतातल्या फवाऱ्याखाली ती आधीच पक्की झाली होती. २०१२ मध्ये दिल्लीतल्या संशोधकांना तोच बदल भारतातल्या मातीतही आढळला. भुरीने घड गेला तर वर्ष जातं, तेव्हा फवारणाऱ्याला बोल लावणं मला जमत नाही. पण फवारा आणि गोळी यांना परवानगी देणाऱ्यांनी एका टेबलाशी बसायला काय हरकत आहे?

शेवटची जखम डोळ्याची. उसाचं पातं, भाताची लोंबी किंवा आंब्याची काडी बुबुळावर घासते. खरचटतं, पाणी येतं. बहुतेकदा आत शिरते ती फ्युजॅरियम. कधी लॅसिओडिप्लोडियाही, जी आंब्याच्या देठकुजीला कारण असते. दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणून घातले की लाली उतरते आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. यावर चालतं ते नॅटामायसिन, हॅमायसिनच्याच कुळातलं आणि दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ प्रांतातल्या मातीतून निघालेलं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३२३ रोग्यांवरच्या चाचणीत ते महागड्या व्होरिकोनॅझोलपेक्षा सरस ठरलं. ही चाचणी झाली अरविंद नेत्र रुग्णालयांत, आणि त्यांचं मुख्य ठिकाण मदुराई, जिथल्या सुजलेल्या पायांवरून कार्टरच्या रोगाला लोक ‘मदुरा’ म्हणत. डोळ्यावर टॉर्च धरण्याआधी तिथले डॉक्टर शेतकऱ्याला पहिल्यांदा विचारतात, डोळ्यात काय गेलं आणि कोणत्या झाडाचं.