पगार तीस तासांचा, काम पंचेचाळीस तासांचे

गेल्या उन्हाळ्यातल्या पिकनिकला भेळेच्या रांगेत आम्ही चौघीजणी उभ्या होतो. एक दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर, एक शाळेत मदतनीस, एक औषधांच्या दुकानात आणि मी सॉफ्टवेअरवाली. चौघीही पार्टटाइम. आणि चौघींची तक्रार एकच, की नोकरी कागदावर अर्धी आहे पण दिवस पुरत नाही. ‘सोडून द्यावी का?’ या प्रश्नावर भेळ संपेपर्यंत चर्चा झाली. संपादकांनी ते ऐकले आणि लेखाची गळ घातली. मी म्हटले, आधी माझे ठरू दे. आता ठरले आहे, म्हणून लिहिते आहे.

माझी गोष्ट अशी. २०२२ च्या नोव्हेंबरात मी ही नोकरी धरली तेव्हा मुलगी दोन वर्षांची होती. आठवड्याला ३० तास, पगार पूर्णवेळेच्या पाऊणपट, शुक्रवारी सुट्टी आणि बाकीचे दिवस थोडे आखूड. पहिले काही महिने छान गेले. मग शुक्रवारी ‘फक्त अर्ध्या तासाची’ मीटिंग आली. त्यामागून रात्रीबेरात्री सिस्टीम बंद पडली तर फोन उचलायची पाळी आली. आमची निम्मी टीम पुण्यात, हिंजवडीला. त्यांची संध्याकाळची साडेचारची मीटिंग म्हणजे उन्हाळ्यात इथे सकाळचे सात. आपलीच माणसे, मराठीत बोलायला मिळते, म्हणून मी कधी नाही म्हटले नाही. हळूहळू लक्षात आले की माझ्या पगारातला पाव भाग कापला होता, पण कामातला कापलाच नव्हता. पूर्णवेळ माणसाचेच काम मला दिले होते.

पण ‘लक्षात येणे’ आणि ‘माहीत असणे’ यांत फरक आहे. आम्हा इंजिनियर लोकांना मोजल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून २०२५ च्या एप्रिल-मे मध्ये सहा आठवडे मी एक वही ठेवली. लॅपटॉप उघडला की वेळ लिहायची, मिटला की लिहायची. स्वयंपाक करताना हेडफोन लावून ऐकलेली मीटिंगही धरली. आकडे आले ४१, ४७, ४४, ५०, ४३ आणि ४५. सरासरी पंचेचाळीस.

आठवड्याचा पगार १,४४० डॉलर. तीस तासांनी भागले तर तासाला ४८ डॉलर, पंचेचाळीसने भागले तर ३२. म्हणजे दर तीन तासांतला एक तास मी फुकट देत होते. पुढे हिशेब आणखी कडू होतो. नवऱ्याचा पगार आधीच आहे, त्यामुळे माझ्या पगारावर फेडरल कर २२ टक्क्यांच्या टप्प्यात लागतो. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५ टक्के, न्यू जर्सीचा कर साडेपाचच्या आसपास. एकूण सुमारे ३५ टक्के गेले की हातात ९३६ उरतात. शाळेनंतरच्या पाळणाघराचे ३२० आणि पेट्रोल, टोल व दमल्यामुळे बाहेरून मागवलेल्या जेवणाचे ९० वजा केले की उरले ५२६. तासाला पावणेबारा डॉलरही नाहीत.

इथे मी थांबले, कारण या हिशेबात एक खोट आहे आणि आपल्या घरांत ती सर्रास चालते. पाळणाघराचा सगळा खर्च बायकोच्याच पगारातून का वजा करायचा? मूल दोघांचे आहे. निम्मा धरला तर तासाला सव्वापंधरा डॉलर येतात. न्यू जर्सीचे किमान वेतन २०२५ मध्ये १५.४९ डॉलर होते. ते कर कापण्यापूर्वीचे, त्यामुळे ही तुलना तशी बरोबर नाही. पण आकडा डोक्यातून जाईना.

त्याच सुमारास वार्षिक तपासणीत रक्तदाब १४२/९२ निघाला. अमेरिकेतल्या २०१७ च्या निकषांप्रमाणे १३०/८० पासूनच उच्च रक्तदाब धरतात. आपल्या दक्षिण आशियाई लोकांना हृदयविकाराचा धोका मुळात जास्त, त्यात माझ्या वडिलांना बायपास झालेली. डॉक्टरीणबाईंनी गोळी लगेच दिली नाही. दोन आठवडे घरी मोजायला सांगितले आणि झोप किती होते ते विचारले. साडेपाच तास, मी म्हटले. प्रौढ माणसाला किमान सात हवेत. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या अभ्यासात आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त आढळला. माझे ४५ त्या रेषेच्या खाली होते. पण घरी येऊन पोळ्या लाटते ते तास त्या वहीत नव्हते.

सांगलीला आईला फोन केला. ती म्हणाली, ‘अगं, हातची नोकरी कुणी सोडतं का? आणि पार्टटाइमच आहे ना?’ तिला काय सांगणार!

आता दुसरी बाजू. राजीनामा त्याच दिवशी का दिला नाही, त्याचे मोठे कारण आरोग्यविमा. ओबामाकेअर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कायद्यात आठवड्याला सरासरी ३० तास म्हणजे पूर्णवेळ. पन्नास किंवा अधिक पूर्णवेळ माणसांइतके काम असणाऱ्या कंपनीने अशांना विमा देऊ केला नाही तर दंड होऊ शकतो. (दुकानांत २८-२९ तासांवरच का अडवून ठेवतात ते यावरून कळेल.) मी तीस तास मागून घेतले ते याचसाठी. चोवीसवर आले असते तर आमच्याकडे विमा गेला असता. माझ्या कंपनीच्या विम्याला महिन्याला २१० डॉलर कापले जात, नवऱ्याच्या लहान कंपनीत तसाच विमा १,१५० चा. फरक महिन्याला ९४० डॉलर. म्हणजे आठवड्याला दोनशेहून अधिक डॉलर ही नोकरी मला पे-चेकवर न दिसता देत होती. वरच्या हिशेबात ते धरलेच नव्हते.

दुसरे कारण ४०१(के). कंपनी पगाराच्या चार टक्के आपल्याकडून घालत होती, पण ते पैसे तीन वर्षे पूर्ण झाल्यावरच माझे होणार होते. कायद्याने कंपनीला अशी अट घालता येते. जूनमध्ये सोडली असती तर साडेसात हजारांवर पाणी. पाच महिने थांबले की ते माझे. रागाच्या भरात राजीनामा देणाऱ्यांनी आधी ही एक तारीख शोधून काढावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

सोशल सिक्युरिटीचे म्हणाल तर पेन्शनसाठी ४० क्रेडिट लागतात आणि वर्षाला चारच मिळतात. २०२५ मध्ये ७,२४० डॉलर कमावले की वर्षाची चारही पदरात. पण पेन्शनचा आकडा सर्वाधिक कमाईच्या ३५ वर्षांवर ठरतो. आपण उशिरा इथे आलेली माणसे, आपल्या खात्यात शून्ये आधीच पुष्कळ असतात.

रिसेप्शनवरच्या मैत्रिणीचा प्रश्न वेगळा होता. ती तासावर काम करते, आणि तिला ‘पंच आऊट करून मग फाइली आवर’ असे सांगतात. ते बेकायदेशीर आहे. १९३८ च्या फेडरल कामगार कायद्याप्रमाणे मालकाने करू दिलेल्या प्रत्येक तासाचा पगार द्यावा लागतो, आणि आठवड्याला ४० च्या वर गेले तर दीडपट. माझ्यासारख्या ठरावीक पगारावरच्या सॉफ्टवेअरवाल्यांना बहुधा हे संरक्षण नाही. म्हणून मला बोलूनच मार्ग काढायचा होता.

जुलैत मॅनेजरसमोर वही ठेवली. ‘मला फार होतं’ असे म्हटले नाही. तीस तासांत काय काय बसते ते एका कागदावर मांडले, उरलेली दोन कामे खाली लिहिली, रात्रीचा फोन आणि शुक्रवारचे रिलीज, आणि विचारले की ही कुणाकडे द्यायची? तो वाईट माणूस नाही. त्याने खरोखर आकडे वाचले. मग म्हणाला, मग पूर्णवेळच का होत नाहीस? मोह झाला, खोटे कशाला बोला. पण पूर्णवेळ झाले असते तर पंचेचाळीसचे साठ झाले असते, हे तीन वर्षांत पाहिले होते. शेवटी रात्रीचा फोन काढून घेतला, रिलीज दुसऱ्याकडे गेले. ऑगस्ट-सप्टेंबरात पुन्हा सहा आठवडे वही भरली. सरासरी ३७. सुधारणा होती, पण शेवटच्या दोन आठवड्यांत आकडा पुन्हा चाळिशीकडे सरकत होता.

नोव्हेंबरात तीन वर्षे भरली, ४०१(के) ची नोंद खात्यात दिसली आणि मग दोन आठवड्यांची नोटीस दिली. शेवटचा दिवस मुद्दाम डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात घेतला, कारण आमच्या कंपनीत विमा त्या महिन्याच्या अखेरपर्यंत चालतो. तुमच्याकडचा नियम विचारून घ्या. आपला विमा गेला की जोडीदाराच्या योजनेत मधेच शिरता येते, पण त्यासाठी साधारण ३० दिवसच मिळतात. कोब्रा हा दुसरा मार्ग आहे, बहुधा १८ महिन्यांपर्यंत. मात्र पूर्ण हप्ता आपण भरायचा, वर दोन टक्के. स्वतःहून सोडल्यावर बेकारभत्ता सहसा मिळत नाही. एच-१बी वर असाल तर नोकरी संपल्यावर जास्तीत जास्त ६० दिवस असतात, तेव्हा आधी वकिलाला गाठा.

औषधांच्या दुकानातल्या मैत्रिणीने हाच हिशेब केला आणि नोकरी ठेवली. तिच्या नवऱ्याचा स्वतःचा धंदा, घराचा विमा तिच्याच नोकरीवर. तिचे बरोबरच आहे.

आम्ही सध्या एका पगारात भागवतो आहोत, या वर्षीची भारतवारी रद्द केली. रक्तदाब १२८/८२ वर आहे. पूर्ण सुटका नाही, त्यात लोणच्याचाही वाटा असेल. मी आठवड्याला पंधरा तासांचे काम शोधते आहे, आणि या खेपेला पंधरा तासांत काय बसवायचे ते आधी लिहून घेणार आहे. वहीच्या रकान्यांचा नमुना कुणाला हवा असेल तर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी चहाच्या टेबलापाशी असेन.