आजोबांचे विमान, नातवाची नोकरी

घरातली एखादी वस्तू तीन पिढ्या टिकली, की तिचे आपल्याला कोण कौतुक! आजीचा पितळी डबा, आजोबांचे किल्लीचे घड्याळ, पणजीच्या लग्नातली समई. पाहुणे आले, की आपण ती वस्तू मुद्दाम पुढे करतो आणि म्हणतो, "आता अशी माणसेही राहिली नाहीत आणि अशा वस्तूही!" पण डबा काय, समई काय, या एका जागी बसून राहणाऱ्या वस्तू. जे यंत्र पन्नास हजार फुटांपर्यंत चढते, ताशी सहाशे मैलांच्या घरात धावते, ते तीन पिढ्या टिकावे, ही गोष्ट ऐकणाऱ्याला थापच वाटेल.

परंतु वाचकहो, ही थाप नव्हे. अमेरिकेच्या हवाई दलात 'बी-५२' नावाचे एक बाँबफेकी विमान आहे. या जातीचे पहिले विमान आकाशात उडाले ते १५ एप्रिल १९५२ रोजी. हवाई दलात ते रीतसर दाखल झाले २९ जून १९५५ रोजी. एकूण ७४४ विमाने बांधली गेली आणि त्यातले शेवटचे १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये कारखान्यातून बाहेर पडले. त्यानंतर या जातीचे एकही नवे विमान बनलेले नाही. म्हणजे आज जी सत्तरपंचाहत्तर विमाने सेवेत उरली आहेत, त्यातले सर्वांत धाकटे भावंडसुद्धा साठीच्या पलीकडचे! त्यांच्यावर काम करणारे अधिकारी बहुधा पंचविशी-तिशीतले. एका घराण्यात तर आजोबा, वडील आणि नातू अशा तिघांनीही याच जातीच्या विमानावर नोकरी केली आहे.

सरकारी नोकरीत अठ्ठावन्न वा साठ वर्षे झाली, की माणसाला हार-नारळ देऊन घरी पाठवतात. मग या म्हाताऱ्याला अजून कोणी निरोप का दिला नाही? त्याची कथा मोठी विलक्षण आहे.

हॉटेलच्या खोलीत झालेला जन्म

१९४८ सालचा ऑक्टोबर महिना. अमेरिकेतल्या डेटन गावी बोइंग कंपनीचे काही इंजिनिअर हवाई दलाच्या अधिकाऱ्यांना नव्या बाँबरचा आराखडा दाखवायला आले होते. त्यांचा आराखडा पंख्याच्या इंजिनांचा होता. हवाई दलाच्या कर्नल वॉर्डन यांनी तो पाहिला आणि सांगितले, की हे नको, जेट इंजिने लावता येतील का ते बघा. दिवस गुरुवारचा. एड वेल्स, जॉर्ज शायरर आणि त्यांचे सहकारी हॉटेलातल्या खोलीत मुक्काम ठोकून बसले. शनिवार-रविवार आकडेमोड चालली. शायररने बाजारातून हलके बाल्सा लाकूड, सरस आणि रंग आणून विमानाची प्रतिकृती कोरली. टंकलेखनासाठी एक स्टेनोग्राफर गाठली. सोमवारी सकाळी तेहतीस पानांचे टिपण आणि चंदेरी रंगाचे लाकडी विमान कर्नलसाहेबांच्या टेबलावर हजर!

अर्थात तीन दिवसांत विमान सुचत नाही. त्यामागे या मंडळींचा अनेक वर्षांचा अभ्यास होता. १९४५ साली पराभूत जर्मनीतले संशोधन शायररने स्वतः पाहिले होते आणि मागे कललेल्या पंखांचे महत्त्व ओळखले होते. त्याच ज्ञानावर त्यांनी 'बी-४७' हे विमान आधी उडवून दाखवले होते. तीन दिवस लागले ते कागदावर उतरवायला.

विमान तयार झाले ते अजस्रच. पंखांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ५६ मीटर. क्रिकेटच्या जवळजवळ तीन खेळपट्ट्या एकापुढे एक मांडाव्यात तेवढे. पूर्ण भरलेले वजन सव्वादोनशे टनांच्या आसपास. इंजिने एक नाही, दोन नाही, चांगली आठ. इंधनाने भरलेले पंख जमिनीवर इतके झुकतात, की टोकांना टेकू म्हणून छोटी चाके लावावी लागली. आडवा वारा असला, तर चाके तिरकी वळवून हे धूड खेकड्यासारखे तिरक्या तोंडाने धावपट्टीवर उतरते.

१९५६ साली पॅसिफिक महासागरातल्या बिकिनी बेटांवर याच विमानाने हायड्रोजन बाँब टाकून दाखवला. १९५७ च्या जानेवारीत तीन बी-५२ विमानांनी कोठेही न उतरता, हवेतल्या हवेत इंधन भरून घेत ४५ तास १९ मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. त्यामागचा निरोप मॉस्कोला बरोबर कळला. हे विमान जगात कोठेही पोचू शकते, आणि पोचले तर त्याच्या पोटात काय असेल, हे निराळे सांगायला नको होते.

एक मे १९६०

१ मे १९६० हा दिवस आपण मराठी माणसे विसरणार नाही. महाराष्ट्र राज्य त्या दिवशी जन्माला आले. नेमक्या त्याच दिवशी रशियाच्या आकाशात अमेरिकेचे 'यू-२' हे हेरगिरीचे विमान क्षेपणास्त्राने पाडले गेले. फार उंचावरून उडणारे विमान सुरक्षित असते, या समजुतीला त्या दिवशी मूठमाती मिळाली.

बी-५२ तर उंचावरून उडण्यासाठीच बांधलेले. आता त्याला रडारच्या नजरेखालून, झाडा-डोंगरांच्या वरून जेमतेम काहीशे फुटांवर उडवायचे ठरले. एखाद्या गवयाला साठी आल्यावर कुस्तीच्या आखाड्यात उतरवावे तसलाच हा प्रकार. जमिनीलगतची हवा खडबडीत असते. तिथे विमानाला सतत हादरे बसतात. तार मागे-पुढे वाकवत राहिली, की ती एका क्षणी तुटते. धातूलाही असाच थकवा येतो. ब्रिटनच्या 'व्हॅलियंट' बाँबरवर हेच संकट आले. त्याला खालून उडवायला लागले आणि त्याच्या पंखांच्या मुख्य तुळयांत तडे सापडले. १९६५ साली, दहाच वर्षांच्या सेवेनंतर, तो ताफा मोडीत निघाला.

बी-५२ लाही तडे गेलेच. १० जानेवारी १९६४ रोजी या हादऱ्यांचे मोजमाप करण्यासाठी निघालेल्या एका बी-५२ ला डोंगराळ प्रदेशात वाऱ्याचा असा तडाखा बसला, की शेपटीवरचा उभा पंख जवळजवळ समूळ तुटून गेला. तशा अवस्थेत चालकांनी ते काही तास हवेत सांभाळले आणि अर्कान्सास राज्यात सुखरूप उतरवले! पण व्हॅलियंटला निरोप मिळाला, तर बी-५२ ला दवाखाना मिळाला. पंख नव्याने बांधले, पत्रे बदलले, जोड मजबूत केले.

गोधडीचे गुपित

आपल्याकडच्या आज्यांची गोधडी आठवा. एक लुगडे विरले, की त्यावर दुसऱ्याचा तुकडा; तो विरला, की तिसऱ्याचा. वीस वर्षांनी मूळचे लुगडे शोधू गेलात, तर त्याचे चार धागेही सापडणार नाहीत. पण ऊब तीच. बी-५२ हे असे गोधडीचे विमान आहे. दर चार वर्षांच्या सुमाराला ते ओक्लाहोमातल्या मोठ्या दुरुस्ती-कारखान्यात जाते. तिथे त्याचे आवरण उघडून सांधा न् सांधा तपासतात. रडार बदलले, दिशादर्शक यंत्रे बदलली, शस्त्रे बदलली. शेपटीतली तोफ सांभाळणारा गोलंदाज होता. १९९१ साली त्याची जागाच रद्द झाली.

मात्र प्रत्येक कापडाला ठिगळ धरत नाही. बी-५२ ला ते धरले, याची कारणे त्या हॉटेलच्या खोलीतच आहेत. पहिले कारण म्हणजे प्रशस्तपणा. पोट मोठे असल्यामुळे अणुबाँब गेले, साधे बाँब आले, क्षेपणास्त्रे आली. सगळ्यांना जागा मिळाली. दुसरे कारण, इंजिने पंखांच्या आत न बसवता खाली टांगलेली. ब्रिटिशांच्या बाँबरांत ती पंखांच्या मुळाशी आत पुरलेली होती, त्यामुळे बदलणे जिकिरीचे. तिसरे कारण जरा मौजेचे आहे. प्रवासी विमान रोज आठ-दहा तास राबते. बी-५२ ने शीतयुद्धाचा फार मोठा काळ धावपट्टीच्या कडेला, पोटात बाँब घेऊन, हुकमाची वाट पाहत उभे राहून काढला. वय वाढले, पण झीज त्या मानाने कमी झाली.

आणि चौथे कारण म्हणजे वारसदारांचे दुर्दैव! स्वनाच्या दुप्पट वेगाने उडणारे 'बी-५८' आले आणि १९७० साली निवृत्तही झाले. त्याहून वेगवान 'बी-७०' चा बेत १९६१ साली गुंडाळला गेला. 'बी-१' १९७७ साली अध्यक्ष कार्टर यांनी रद्द केले. ते पुढे नव्या रूपात आले. रडारला न दिसणारे 'बी-२' इतके महाग पडले, की २१ विमानांवरच काम थांबले. आता 'बी-२१' हे नवे विमान २०२३ साली प्रथम उडाले आहे. ठरलेला बेत असा, की ते आल्यावर बी-१ आणि बी-२ यांनी घरी जायचे आणि आजोबांनी मात्र कामावर राहायचे! त्यासाठी २०२१ साली नव्या रोल्स-रॉइस इंजिनांची निवड झाली. जुनी इंजिने ज्या कुळातली आहेत, त्याच कुळातली इंजिने बोइंग ७०७ जातीच्या अनेक प्रवासी विमानांना होती. एअर इंडियाच्या ताफ्यातली ७०७ विमाने वाचकांतल्या वडीलधाऱ्यांना आठवत असतील. ती केव्हाच इतिहासजमा झाली. बी-५२ ला मात्र २०५० च्या पुढेपर्यंत उडवायचे मनात आहे. तेव्हा त्याचे वय नव्वदीच्या घरात जाईल.

आपल्याही हवाई दलात असा एक चिवट बाँबर होता. 'कॅनबेरा' १९५७ साली भारतात आला आणि २००७ च्या मे महिन्यात, पन्नास वर्षांच्या चाकरीनंतर, आग्र्याला निवृत्त झाला.

खालून पाहिलेले विमान

येथवर वाचून या म्हाताऱ्याबद्दल प्रेम वाटू लागले असेल. पण हे विमान वरून दिसते तसे खालून दिसत नाही, हेही सांगितले पाहिजे.

१९६५ च्या जून महिन्यापासून बी-५२ व्हिएतनामवर जाऊ लागले. एकेका विमानात शंभरावर बाँब भरता यावेत, अशी सोय केली गेली. ते इतक्या उंचावरून जाई, की खालच्या माणसाला ते दिसत नसे आणि ऐकूही येत नसे. जमीन फुटू लागली, की कळे. १९७२ च्या डिसेंबरात हनोई आणि हायफाँग या शहरांवर अकरा रात्री हल्ले झाले. २६ डिसेंबरच्या रात्री हनोईतल्या खाम थिएन नावाच्या रहदारीच्या, दुकानांनी गजबजलेल्या रस्त्यावर बाँब पडले आणि दोनशेहून अधिक माणसे मरण पावली. त्या मोहिमेत पंधरा बी-५२ विमानेही पडली. त्यातल्या एकाचे अवशेष हनोईतल्या एका लहानशा तळ्यात आजही तसेच ठेवलेले आहेत. भोवती घरे आहेत, मुले शाळेत जातात, आणि पाण्यातून वर आलेले ते गंजके लोखंड त्यांच्या रोजच्या पाहण्यातले.

ज्या कामासाठी विमान बांधले, ते काम तर याहूनही भयंकर. २४ जानेवारी १९६१ रोजी अमेरिकेतल्याच गोल्ड्सबरो गावाजवळ एक बी-५२ हवेत मोडले आणि त्यातले दोन हायड्रोजन बाँब खाली आले. त्यातला एक फुटायच्या बेतात होता. एका साध्या विजेच्या खटक्याने अनर्थ टळला. १९६६ साली स्पेनमधल्या पालोमारेस गावावर, दुसऱ्या विमानाशी टक्कर होऊन, चार बाँब पडले. एक समुद्रात गेला; तो बाहेर काढायला अडीच महिन्यांहून अधिक काळ लागला. १९६८ साली ग्रीनलंडच्या बर्फावर आणखी एक विमान कोसळले. तेव्हा कोठे अणुबाँब घेऊन चोवीस तास हवेत घिरट्या घालण्याची ती पद्धत बंद झाली.

शीतयुद्ध सरले आणि १९९१ च्या करारानुसार शेकडो बी-५२ मोडीत काढायचे ठरले. ॲरिझोनाच्या वाळवंटात सहा टनी पोलादी पाते क्रेनने उंच उचलून विमानावर सोडत आणि प्रत्येकाचे पाच तुकडे करीत. ते तुकडे नव्वद दिवस तसेच उघड्यावर ठेवत; रशियाच्या उपग्रहांनी वरून मोजून खात्री करून घ्यावी म्हणून! ज्यांना धाक घालण्यासाठी विमान जन्मले, त्यांच्याच साक्षीने त्याचे अंत्यविधी झाले. पण त्या वाळवंटातूनही एक विमान सात वर्षांच्या विश्रांतीनंतर २०१५ साली परत उडाले, आणि पुढे आणखी एक.

तेव्हा या दीर्घायुष्याचे कौतुक करावे की खंत? इंजिनिअरांचे कौतुक करावे, हे खरेच. तीन दिवसांत आखलेले यंत्र सत्तर वर्षे टिकते, कारण आखणाऱ्यांनी पुढच्यांसाठी जागा सोडली होती. आणि दुरुस्त करणाऱ्यांनी नवे मागण्याआधी जुने सांधून पाहिले. हा धडा आपल्या घरातल्या मिक्सरपासून शहरातल्या पुलापर्यंत सगळीकडे लागू पडतो.

पण समई तीन पिढ्या टिकते, कारण प्रत्येक पिढीला उजेड हवा असतो. बी-५२ तीन पिढ्या टिकले, कारण प्रत्येक पिढीला कोणाचे तरी भय होते. ज्या दिवसासाठी ते बांधले, तो अणुयुद्धाचा दिवस सुदैवाने उगवला नाही. तो कधीही न उगवता, नव्वदीच्या या म्हाताऱ्याला एक दिवस कुठल्याशा संग्रहालयाच्या दालनात शांतपणे उभे केले जावे आणि शाळेतल्या मुलांनी त्याच्या पंखाखाली बसून डबा खावा, एवढीच या दिवाळीला इच्छा करू या.