आडनाव मोकाशी, पण मोकासा म्हणजे काय?

कोपरहून सकाळची लोकल पकडणाऱ्या कुठल्याही कॉलेज ग्रुपची हजेरी घ्या. पाटील असतोच. एखादा कुलकर्णी, एखादी देशमुख, झालंच तर इनामदार. या आडनावांचा अर्थ तुम्हाला ढोबळमानाने तरी माहीत असतो. पण मोकाशी? ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि ‘वाळवी’वाले परेश मोकाशी तुम्हाला माहीत आहेत, मराठी साहित्य घेतलेल्यांना ‘पालखी’वाले दि. बा. मोकाशीही आठवतील. मात्र ज्या शब्दावरून हे आडनाव आलं तो ‘मोकासा’ आता फक्त इतिहासाच्या पुस्तकात, तेही एखाद्या कंसात सापडतो.

गुगल केलंत तर ‘जहागीर’ असं एका शब्दात उत्तर मिळेल. ते चूक नाही, पण अर्धवट आहे. मोल्सवर्थच्या मराठी शब्दकोशात मोकाशाचा अर्थ साधारण असा दिलाय: लष्करी चाकरीच्या बदल्यात किंवा इनाम म्हणून दिलेली गावं, जमिनी किंवा त्यांच्या महसुलातला वाटा. यातला ‘वाटा’ हा शब्द अधोरेखित करा. मोकासदाराला गाव मिळायचं म्हणजे बहुतेक वेळा गावाची जमीन नाही, गावाचं उत्पन्न मिळायचं. त्यातून त्याने घोडेस्वार ठेवायचे आणि बोलावलं की हजर व्हायचं. चाकरी संपली किंवा सरकारची मर्जी फिरली की मोकासा दुसऱ्याकडे.

पाटीलकीचं तसं नव्हतं. पाटीलकी हे वतन, म्हणजे बापाकडून मुलाकडे जाणारा हक्क. वर निजामशाही जाऊन आदिलशाही आली तरी पाटील गावातच. मोकासदार मात्र बदलायचा, आणि कित्येकदा तो गावात राहायचाही नाही. आपल्याकडे पाटील पावलोपावली भेटतात आणि मोकाशी शोधावे लागतात, त्यात या फरकाचा थोडा हात असावा, असं मला आपलं वाटतं.

सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण पुण्याचं. पुणे परगणा शहाजीराजांकडे मोकासा म्हणून होता. आधी निजामशाहीकडून, आणि 1636 मध्ये निजामशाही बुडाल्यावर आदिलशाहीकडून. म्हणजे स्वराज्याची सुरुवात ज्या मुलखात झाली, तो कागदोपत्री दुसऱ्याने दिलेला मोकासा होता! आणि शिवाजी महाराजांनी पुढे नेमकी हीच पद्धत मोडायला घेतली. सभासदाच्या बखरीत त्याचं कारण येतं. लष्कराला गावं मोकासा द्यायची नाहीत, पगार रोख किंवा वरातीने द्यायचा. कारण मोकासे घेणारे आणि जमीनदार एक झाले की ते सरकारला जुमानणार नाहीत. पुढे राजाराम महाराजांच्या काळात मोगल मराठा सरदारांना वतनांचं आमिष दाखवायला लागले. मग सरदार टिकवायचे तर इकडूनही तसंच काही द्यावं लागलं, आणि बंद होत आलेलं दार पुन्हा उघडलं.

याच शब्दाला पुढे एक वेगळा, जास्त गुंतागुंतीचा अर्थ चिकटला. 1719 मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले. आता गणित करू, कॅल्सी नको. गावाचा महसूल 100 रुपये. चौथाई 25. त्या 25 चा चौथा भाग छत्रपतींचा, त्याला ‘बाबती’ म्हणत: सव्वासहा रुपये. उरलेले पावणेएकोणीस म्हणजे ‘मोकासा’. त्यातून चौथाईच्या सहा टक्के, म्हणजे दीड रुपया, पंतसचिवांना ‘साहोत्रा’. तीन टक्के, म्हणजे बारा आणे, ‘नाडगौंडा’. तो कुणाला द्यायचा हे छत्रपती ठरवणार. राहिले साडेसोळा रुपये. हा ‘ऐन मोकासा’, सरदारांचा. दहा टक्के सरदेशमुखी याशिवाय!

कोपर स्टेशनवर खालून कल्याण-सीएसएमटी लाईन जाते आणि वरून दिवा-वसई, तसं हे. जागा एक, मार्ग अनेक. एकाच गावात चार-पाच जणांचा हक्क आणि प्रत्येकाचा हिशेब वेगळा. एका सरदाराचे मोकासे अनेक परगण्यांत विखुरलेले असायचे. त्यामुळे एकच माणूस एका भागात डोईजड होत नाही, हा त्यातला फायदा. शेतकऱ्याच्या बाजूने बघितलं तर मात्र पीक एकदाच यायचं आणि दारात येणारे कारकून बदलत राहायचे. या सगळ्या यादीत मोकासदाराला नाव आहे, सचिवाला आहे, रयतेच्या वाट्याला मात्र एकही हिस्सेदारी-वाचक शब्द नाही.

म्हणून इन्स्टा बायोत ‘जहागीरदार घराणं’ लिहिणाऱ्या किंवा बॅनरवर ‘आपला एरिया’ म्हणणाऱ्या मित्राला एकदा जरूर विचारा: जमीन होती, की जमिनीच्या उत्पन्नातला वाटा? वतन होतं, की चाकरीपुरता मोकासा? घरात जुने कागद असतील तर ते मोडीत असण्याची शक्यता जास्त, त्यामुळे मोडी वाचणारं कुणीतरी गाठावं लागेल. सरकारच्या बाजूने हे प्रकरण कधीच मिटलंय. खोती 1949 च्या कायद्याने गेली, आणि सरंजाम, जहागिरी व राजकीय इनामं 1952 च्या नियमांनी सरकारने परत घेतली. मोकाशी आडनावाची मंडळी तेवढी राहिली, आणि त्यांच्याकडे महसूल भरायला आता कुणी जात नाही.