बर्फातली वाट: उपसायची नव्हे, दाबायची

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या मिशिगन, विस्कॉन्सिन आणि मिनेसोटा राज्यांत पाइनचे अजस्र ओंडके घोडे ओढत. उत्तर अमेरिकेत आजही काही लाकूडतोडे घोडेच जुंपतात. त्यांच्या हिवाळी वाटांबद्दलचे काही समज तपासून पाहू.

गैरसमज: बर्फ साचला की ओढकाम बंद.
वस्तुस्थिती: हिवाळा हाच तिथला खरा हंगाम. गोठलेल्या वाटेवर घर्षण फारच कमी. 1893च्या शिकागो जागतिक प्रदर्शनासाठी मिशिगनच्या जंगलात एकाच स्लेजवर 50 ओंडके रचले होते. तो भार ओढला दोन घोड्यांनी!

गैरसमज: वर बर्फ असला की खालची जमीन गोठतेच.
वस्तुस्थिती: नेमकं उलट. भुसभुशीत बर्फात हवा असते, ती गोधडीसारखी जमिनीची ऊब राखते. खालची दलदल मऊच राहते आणि घोडा रुततो. म्हणून पहिल्याच हिमवर्षावानंतर घोडे आणि रिकामी स्लेज फिरवून वाट दाबायची. हवा निघून गेली की थंडी खोल उतरते. रात्रभर वाट तशीच सोडली, तर दाबलेले कण एकमेकांना चिकटून ती टणक होते.

गैरसमज: वाट मातीपर्यंत साफ करावी.
वस्तुस्थिती: उघड्या माती-दगडांवर स्लेज अडते. काळी माती उन्हाने लवकर तापते आणि कडेचा बर्फही वितळवते. दाबलेला थर हाच रस्ता. नवा बर्फ पडला की, काम नसलं तरी, त्यावरून एक फेरी मारायलाच हवी.

गैरसमज: निसरड्या वाटेवर घोडा पडणारच.
वस्तुस्थिती: घोड्यांच्या नालांना टोकदार दाते बसवत. मोठ्या वाटांवर स्लेजसाठी दोन चाकोऱ्या कोरून रात्री त्यांत पाणी सोडत. सकाळी तिथे गोठलेला बर्फ तयार असे. उतारावर गवत किंवा वाळू टाकून वेग आवरत. चाकोरीतली लीद उचलायला खास माणूस असे, त्याला ‘रोड मंकी’ म्हणत. खरा त्रास ओलसर बर्फाचा. खुरात त्याचे गोळे जमतात आणि घोड्याचा तोल जातो. ते वरचेवर काढावे लागतात.

वाट टणक आहे की पोकळ, हे घोड्याला पाऊल टाकल्यावरच कळतं. तोवर उशीर झालेला असतो. त्याचे पाय शाबूत राखायचे असतील, तर ओंडक्यांआधी वाटेकडे बघावं.