जपानी वाढदिवस: काय खरं, काय ऐकीव

वाढदिवसाची थीम ‘जपान’ ठरली की बहुतेक घरांत पहिली खरेदी होते ती लाल कंदिलांची. सोनेरी गोंडे आणि पोटावर वेटोळं घातलेला ड्रॅगन. दुकानात हा कंदील ‘जपानी’ म्हणून मिळत असला तरी त्याचं नातं चिनी नववर्षाशी आहे. जपानी कंदील म्हणजे ‘चोचिन’. बांबूची बारीक कामटी गोल गोल फिरवून त्यावर कागद चिकटवलेला, दाबला की चपटा होणारा, पांढरा किंवा साधा लाल, अंगावर फार तर दोन-चार मोठी अक्षरं. लाल चोचिन तिथे मुख्यतः पिण्याखाण्याच्या छोट्या अड्ड्यांबाहेर टांगलेला असतो. मुलांच्या समारंभाशी त्याचा संबंध नाही.

मुलांसाठी जपान वेगळंच काही टांगतं. 5 मे हा तिथला बालदिन. मुळात तो मुलग्यांचा सण होता, 1948 च्या कायद्याने तो सगळ्याच मुलांचा आणि सार्वजनिक सुट्टीचा दिवस झाला. या दिवसांत घरांवर, नद्यांवर ‘कोइनोबोरी’ फडकतात, म्हणजे कापडी कार्प मासे. सर्वांत वर मोठा काळा, त्याखाली लाल, मग लहान निळे-हिरवे. प्रवाहाविरुद्ध पोहणाऱ्या या माशासारखं मूल धीट व्हावं, ही त्यामागची इच्छा.

ज्या घरात दिवाळीचा आकाशकंदील बनतो, तिथे कोइनोबोरी तासाभरात तयार होतो. पतंगी कागदाची दोनेक फूट लांब नळी करायची, तोंडाशी कामटीचं कडं खळीने चिकटवायचं, अंगावर अर्धगोल खवले आणि दोन मोठे डोळे. शेपटीकडचं टोक मात्र बंद करायचं नाही. वारा तोंडातून शिरून शेपटीतून बाहेर पडला तरच मासा पोहतो. टोक चिकटवून टाकलं की तो नुसता लोंबत राहतो. गॅलरीत असे चार-पाच मासे लावले की ड्रॅगनच्या कंदिलांची उणीव कुणालाही भासणार नाही.

आता खुद्द वाढदिवसाकडे वळू. जपानमध्ये दरवर्षीच्या वाढदिवसाचे काही प्राचीन विधी असतील, अशा समजुतीने अनेक पालक त्यांचा शोध घेतात. असे विधी सापडत नाहीत, कारण जुन्या जपानमध्ये वय वाढदिवसाला वाढतच नसे. जन्मताच बाळ एक वर्षाचं धरलं जाई आणि पुढे प्रत्येक नववर्षदिनी साऱ्या देशाचं वय एकदम एक वर्षाने वाढे. 31 डिसेंबरला जन्मलेलं मूल दुसऱ्याच दिवशी दोन वर्षांचं! 1902 च्या कायद्याने जन्मतारखेवरून वय मोजायला सुरुवात झाली, तरी बोलण्यातली जुनी मोजणी सुटली नाही. अखेर 1950 पासून नव्या पद्धतीनेच वय सांगावं असा वेगळा कायदा लागू करावा लागला. त्यामुळे आजचा जपानी वाढदिवस केक-मेणबत्त्यांचाच असतो. केक बहुधा एकाच प्रकारचा, मऊ स्पंज, पांढरं क्रीम आणि वर लाल स्ट्रॉबेरी. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी बाजारात असेल त्या दिवसांत हा केक आपल्याकडेही अगदी तंतोतंत जमतो.

पहिला वाढदिवस तेवढा निराळा. त्या दिवशी एक ‘शो’ तांदळाचा, म्हणजे सुमारे दोन किलो वजनाचा मोची कापडात बांधून बाळाच्या पाठीवर देतात आणि त्याला चालायला लावतात. बाळ डगमगतं, बसतं, रडतं आणि घरचे खूश होतात. ‘इश्शो’ म्हणजे एक शो, पण याच उच्चाराचा दुसरा अर्थ ‘आयुष्यभर’, म्हणून आयुष्यभर अन्न पुरो हा आशीर्वाद. काही घरांत बाळापुढे कुंचला, मोजपट्टी, पैसे अशा वस्तूही मांडतात आणि ते काय उचलतं ते पाहतात. उष्टावणाच्या वेळी बाळापुढे पुस्तक-लेखणी ठेवणाऱ्या घरांना हे ओळखीचं वाटेल. मोची पाठीवर देण्यापुरताच ठेवावा, लहान मुलांना खायला देऊ नये. तो चिवट असतो आणि घशात अडकतो. खुद्द टोकियोचं अग्निशमन दल दर नववर्षाला याबद्दल इशारा देतं.

जेवणाबद्दलचे गैरसमज सर्वांत जास्त आहेत आणि तिथेच सर्वांत जास्त काळजी हवी. सुशी म्हणजे कच्चा मासा, हे चूक. कच्च्या माशाच्या कापांना ‘साशिमी’ म्हणतात. सुशी ठरते ती व्हिनेगर, साखर आणि मीठ लावलेल्या भातामुळे. नुसती काकडी घातलेली ‘काप्पा माकी’ हीसुद्धा अस्सल सुशी आहे आणि मुलांना तीच द्यावी. भातासाठी बासमती निरुपयोगी, कारण त्याचे दाणे सुटे राहतात. आपला इंद्रायणी शिजल्यावर चिकटतो, त्याने काम भागतं. त्याहून सोपी ‘ओनिगिरी’. ओल्या हाताला मीठ लावायचं, कोमट भाताचा मूठभर गोळा घ्यायचा आणि तळवा जरा कोनात वाकवून दाबत, फिरवत त्याचा त्रिकोण करायचा. खाली समुद्री शेवाळाची पट्टी. याला व्हिनेगर लागत नाही. जपानी मुलं शाळेच्या सहलीला हीच नेतात.

उलट गैरसमज अधिक महागात पडतो. मांस दिसलं नाही म्हणजे पदार्थ शाकाहारी, असं जपानी जेवणात धरता येत नाही. तिथल्या बहुतेक रस्सा-सूपांचा पाया ‘दाशी’ असतो, आणि नेहमीची दाशी सुकवलेल्या बोनिटो माशाच्या पातळ कापांपासून काढतात. भाज्या आणि टोफू तरंगणारं मिसो सूपही याला अपवाद नाही. पाहुण्यांमध्ये शाकाहारी मुलं असतील तर पाकिटावरची घटकांची यादी वाचलीच पाहिजे, किंवा कोंबू शेवाळ आणि सुके शिताके मशरूम भिजवून दाशी घरी करावी. बौद्ध मठांतलं ‘शोजिन र्‍योरी’ हे जेवण शतकानुशतकं याच दाशीवर चालत आलं आहे.

गोडाचं काम सोपं आहे. हिंदीत डब झालेल्या डोरेमॉनमुळे ‘डोरा केक’ मुलांना पाठ असतो. त्याचं खरं नाव दोरायाकी. दोन छोट्या धिरड्यांमध्ये चॉकलेट भरून तो अनेक ठिकाणी दिला जातो, पण मूळ सारण असतं अझुकी या लाल कडधान्याचं, शिजवून साखर घालून घोटलेलं. म्हणजे पुरणच. लाल चवळी शिजवून, साखर घालून आटवली की त्या चवीच्या बरंच जवळ जाता येतं. आणि जेलीसाठी वाण्याकडे ‘चायना ग्रास’ मिळतं, त्याच्या नावावर जाऊ नये. समुद्री शेवाळापासून हा पदार्थ सुकवून ठेवण्याची कृती सतराव्या शतकात जपानमध्येच रूढ झाली. तिथे त्याला ‘कांतेन’ म्हणतात.

चॉपस्टिक्सची सक्ती नको. जपानी माणसंही सुशी सर्रास हाताने खातात. मात्र मुलांच्या हातात त्या दिल्या तर दोन गोष्टी आधीच सांगाव्यात. भातात काड्या उभ्या रोवायच्या नाहीत आणि काडीवरून काडीवर घास द्यायचा नाही. पहिली रीत मृताला भात वाढण्याची आहे, दुसरी दहनानंतर अस्थी उचलण्याची. दक्षिणेकडे तोंड करून पान मांडलं की आपल्या आजीला जसं खटकतं, तसंच ते तिथे खटकतं. त्यापेक्षा जेवणाआधी हात जोडून सगळ्यांनी एकत्र ‘इतादाकिमासु’ म्हणावं. ‘हे मी नम्रपणे स्वीकारतो’ असा त्याचा अर्थ. जेवणाआधी श्लोक म्हणणाऱ्या मुलांना हे शिकवावं लागत नाही.

पोशाखाचंही असंच. रेशमी नाइटगाऊन म्हणजे किमोनो नव्हे, आणि मुलांना उन्हाळ्यात घालतात तो सुती ‘युकाता’. नियम एकच, पण तो पाळायचाच. घालणाऱ्याची डावी बाजू उजवीवर आली पाहिजे. उजवी बाजू वर घेण्याची पद्धत फक्त पार्थिवासाठी आहे. डोळे ताणून ‘जपानी चेहरा’ करणं हा कुठल्याही पोशाखाचा भाग नाही, आणि तो गंमत म्हणूनही मुलांना करू देऊ नये. काळ्या कपड्यांतला निन्जाही बराचसा रंगभूमीने घडवला. खऱ्या हेरांना ओळखू यायचं नसे. ते शेतकरी, व्यापारी, भिक्षू यांच्या वेशात फिरत.

ओरिगामीबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं. ही कला जपानी आहेच, पण ती फक्त जपानी नाही. बालवाडीचे जनक जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांनी कागदाच्या घड्यांना शिक्षणात जागा दिली. 1876 मध्ये टोकियोत पहिली बालवाडी निघाली तेव्हा त्या पद्धती जपानमध्येही पोहोचल्या. त्याच फ्रोबेलच्या प्रेरणेने टी. सुंदर राव यांनी 1893 मध्ये मद्रासहून कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलं, आणि ते पुढे जगभर वाचलं गेलं. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेमध्ये अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी शिकवली, त्यांतही कागदाच्या घड्या होत्याच.

हजार कागदी बगळे घडवले की इच्छा पूर्ण होते, या समजुतीभोवतीची सादाकोची गोष्ट वाढदिवसाला सांगावी का, असा प्रश्न पालकांना पडतो. मोठ्या मुलांना जरूर सांगावी, पण खरी सांगावी. हिरोशिमाची सादाको सासाकी अणुबॉम्ब पडला तेव्हा दोन वर्षांची होती, आणि 25 ऑक्टोबर 1955 रोजी ल्युकेमियाने गेली तेव्हा बारा. 644 बगळे झाले आणि ती गेली, ही सर्वदूर पसरलेली कथा एलिनॉर कोअर यांच्या 1977 च्या पुस्तकातली आहे. प्रत्यक्षात तिने हजार पूर्ण केले होते आणि त्यानंतरही ती घड्या घालत राहिली, असं तिच्या घरच्यांनी आणि हिरोशिमाच्या संग्रहालयाने सांगितलं आहे. तिच्या वर्गमित्रांच्या धडपडीतून उभं राहिलेलं मुलांचं शांतिस्मारक 1958 मध्ये खुलं झालं, तेही 5 मे या बालदिनीच.

सहा-सात वर्षांच्या मुलांना बगळा जड जातो. त्यांच्यासाठी ‘काबुतो’, म्हणजे सामुराईचं शिरस्त्राण. वर्तमानपत्राचा चौरस, आठ-दहा घड्या आणि डोक्यावर बसणारी टोपी तयार. जपानी मुलं बालदिनी हीच घालतात. जमलेल्या प्रत्येकाने आपली टोपी स्वतः केली की विकतच्या मुखवट्यांची गरज उरत नाही.

परतभेटीच्या वस्तू चारच्या संचात देऊ नयेत. जपानीत चारचा ‘शी’ हा उच्चार मृत्यूच्या शब्दासारखाच आहे, म्हणून तिथे कपबश्याही पाचच्या संचात विकतात. पंजा वर केलेलं मांजर दिलं तर ते ‘टाटा’ करत नाही हे मुलांना सांगावं. तळवा खाली ठेवून बोटं हलवणं ही ‘ये, ये’ अशी हाक आहे, अगदी आपल्यासारखीच.

आणि शक्य असेल तर प्रत्येक मुलाला एक कोरा दारुमा द्यावा. दारुमा म्हणजे बोधिधर्म, परंपरेनुसार भारतातून चीनला गेलेला भिक्षू. ताकासाकी शहरात कागदाच्या लगद्याची त्याची लाल, गोल, हातपाय नसलेली बाहुली बनते, आणि पाडली तरी ती पुन्हा उभी राहते. घरी लगद्याच्या किंवा मातीच्या गोळ्यावर, तळाशी वजन ठेवून ती करता येते. इच्छा मनात धरून तिचा एकच डोळा रंगवायचा, दुसरा इच्छा पूर्ण झाल्यावर. पाहुण्या मुलांना एका डोळ्याचा दारुमा घेऊन घरी जाऊ द्या, आणि दुसरा डोळा घाईने रंगवू नका एवढं मात्र नक्की बजावा.