मोहरीची विषारी चुलतबहीण

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये नाचाच्या मेजवानीत जोडीदार न मिळालेल्या मुली भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसून राहत. त्यांना ‘वॉलफ्लॉवर’ म्हणत. पुढे समारंभात चारचौघांत न मिसळणाऱ्या कुणाही बुजऱ्या माणसाला हे नाव चिकटलं. मूळच्या फुलावर मात्र हा अन्यायच. बुजरेपणाचा त्याला वाराही लागलेला नाही.

एरिसिमम चिरी हे त्याचं शास्त्रीय नाव. ब्रिटनमध्ये ते जुन्या किल्ल्यांच्या आणि मठांच्या भिंतींत उगवतं, पण मूळचं तिथलं नव्हे, ग्रीसकडचं. जुन्या बांधकामातला चुना त्याला मानवतो आणि फटीत पाणी साचत नाही, हेही पथ्यावर पडतं. वसंतात पिवळी, केशरी, तांबूस-तपकिरी फुलं येतात, त्यांना दाट गोड वास असतो. पाकळ्या चार, समोरासमोर. मोहरीचं शेत फुलावर आलेलं पाहिलं असेल तर ही ठेवण ओळखीची वाटेल, कारण कुळ तेच. कोबी आणि मुळाही त्यातलेच.

या कुळाचं पिढीजात हत्यार म्हणजे झणका. ग्लुकोसिनोलेट नावाची रसायनं आणि त्यांना फोडणारं विकर ही झाडं वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतात. अळीनं पान चावलं की दोन्ही एकत्र येतात आणि डोळ्यांत पाणी आणणारं तिखट द्रव्य तयार होतं. मोहरी वाटताना नाकात जातो तो हाच झणका.

पण हत्यार जुनं झालं की शत्रू सरावतो. कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखराच्या, म्हणजे पिएरिस रापीच्या, अळ्यांनी हे रसायन निरुपद्रवी वाटेला वळवायची युक्ती साधली आहे. एवढंच नव्हे, मादी अंडी घालायला जागा शोधते तीही या रसायनांच्या खुणेवरून. डच वनस्पतिशास्त्रज्ञ फेरशाफेल्ट यांनी 1910 मध्येच दाखवून दिलं होतं, की एरवी न खाल्ली जाणारी पानं मोहरीच्या द्रव्यानं माखली तर पिएरिसच्या अळ्या ती खाऊ लागतात. संरक्षणाची तटबंदीच जेवणाची पाटी होऊन बसली!

एरिसिमम वंशानं इथं दुसरं विष काढलं. हृदयावर परिणाम करणारी कार्डेनोलाइडं. आपल्याकडच्या कण्हेरीत आणि रुईत असतात त्याच जातीची. पेशीतला सोडियम-पोटॅशियमचा पंप ती बंद पाडतात. वॉलफ्लॉवरच्याच एका नातलगाची, एरिसिमम चिरँथॉइडिसची, गोष्ट रंजक आहे: त्यातल्या कार्डेनोलाइडांमुळे पिएरिस रापीची मादी त्यावर अंडी घालायचं टाळते.

2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या वंशातल्या 48 प्रजाती तपासल्या गेल्या. जवळजवळ सगळ्यांत हे नवं विष सापडलं. नवं आलं म्हणून जुनं कमी झालं असावं, असा अंदाज कुणीही बांधला असता. तसं दिसलं नाही. दोन्हींचं प्रमाण एकमेकांशी न बांधता बदलत गेलं होतं.

मला यातली सर्वांत विलक्षण गोष्ट मात्र रुईशी जोडलेली वाटते. रुई आणि वॉलफ्लॉवर यांची कुळं एकमेकांपासून खूप दूरची. तरीही कार्डेनोलाइड बनवण्याची पहिली पायरी दोघांतही ‘सीवायपी87ए’ या एकाच घराण्यातली विकरं घडवतात, डिजिटॅलिस या वनस्पतीमध्येही तेच. उत्क्रांतीनं तीच कळ वेगवेगळ्या ठिकाणी दाबली.

एरिसिमम चिरँथॉइडिसमधलं हे विकर बनवणारं जनुक संशोधकांनी क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्रानं निकामी केलं आणि नवं विष नसलेली झाडं तयार केली. त्याचा अहवाल 2024 मध्ये आला. ग्लुकोसिनोलेट पचवणाऱ्या दोन खास कीटकांविरुद्ध हे विष फारच प्रभावी आहे, असं प्रयोगशाळेत दिसलं. उघड्या शेतात मात्र मोहरीच्या कुळावर जगणाऱ्या सगळ्या किडींना ते रोखू शकलं नाही. काहींनी विषारी झाडंही खाल्ली.