काळी तीनचा गीतकार

ज्या गृहस्थाला स्वरलिपी वाचता येत नव्हती आणि पियानोच्या काळ्या पट्ट्या सोडून इतरत्र ज्याची बोटे सहसा रमत नसत, त्याने जवळजवळ अर्धशतक न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीला शब्द आणि चाल ही दोन्ही एकहाती पुरवावीत, हा केवळ दैवी देणगीचा चमत्कार म्हणून सोडून देण्याजोगा प्रकार नव्हे. अर्व्हिंग बर्लिन यांच्या चरित्रात त्याची कारणे बरीचशी सापडतात.

झारच्या रशियात १८८८ साली एका ज्यू कुटुंबात जन्मलेला इस्राएल बेलिन १८९३ मध्ये आईबापांबरोबर न्यूयॉर्कला आला. वडील प्रार्थनामंदिरात स्तोत्रे गाणारे. मुलगा तेरा वर्षांचा असतानाच ते निवर्तले आणि पोराने घर सोडून बावरी भागातल्या गुत्त्यांतून गाणी म्हणत पोट भरण्यास आरंभ केला. पुढे चिनी वस्तीतल्या पेलहॅम कॅफेत तो गाणारा वेटर झाला. जेथे गलक्यातून शब्द स्पष्ट ऐकू गेला नाही तर पुढ्यात नाणे पडत नाही, अशा ठिकाणी झालेली ही उमेदवारी कोणत्याही संगीतशाळेपेक्षा कमी कडक नव्हती. १९०७ साली त्याचे पहिले गीत छापले गेले. त्यात शब्द तेवढे त्याचे होते, त्याबद्दल ३७ सेंट पदरात पडले, आणि मुखपृष्ठावर नाव आले ‘आय. बर्लिन’.

१९११ साली मुंबईत ‘मानापमान’ रंगभूमीवर आले, तेव्हा पदे खाडिलकरांची आणि चाली गोविंदराव टेंबे यांच्या, ही वाटणी कोणालाही स्वाभाविकच वाटली असेल. त्याच वर्षी ‘अलेक्झांडर्स रॅगटाइम बँड’ या गीताने ज्याचे नाव सर्वतोमुखी केले, त्या बर्लिनने मात्र ही दोन्ही खाती स्वतःकडेच ठेवली. आपल्या गवयांच्या भाषेत सांगायचे तर तो नेहमी काळी तीनमध्येच वाजवी. गाण्याला दुसरा सूर हवा असला की तो पियानोखालची कळ फिरवी, आतली यंत्रणा सरके आणि त्याच ओळखीच्या पट्ट्यांतून हवा तो सूर निघे. आपल्याकडच्या स्केल चेंजर पेटीची ही अमेरिकन बहीणच म्हणायची. चाल कागदावर उतरवण्यास पगारी लेखनिक असे. तो निरनिराळे स्वरमेळ वाजवून दाखवी आणि बर्लिन कानाने पसंत-नापसंत ठरवी.

१९१४ च्या ‘वॉच युअर स्टेप’पासून त्याने संपूर्ण नाट्यसंगीत लिहावयास घेतले, आणि १९२१ मध्ये निर्माते सॅम हॅरिस यांच्या भागीदारीत पंचेचाळिसाव्या रस्त्यावर ‘म्युझिक बॉक्स’ हे नाट्यगृहच बांधले. गुत्त्यातला वेटर नाट्यगृहाचा मालक झाला, ही गोष्ट मला त्याच्या कित्येक गाण्यांहून अधिक बोलकी वाटते. याच नाट्यगृहात १९३३ साली ‘अ‍ॅज थाउजंड्स चीअर’ हा विनोदी खेळ झाला, ज्यातला प्रत्येक प्रवेश वर्तमानपत्राच्या एखाद्या मथळ्याखाली सादर होई. त्या हास्यविनोदात एथेल वॉटर्स या कृष्णवर्णीय गायिकेच्या वाट्याला ‘सपर टाइम’ हे गीत आले. जमावाने नवऱ्याचा बळी घेतला आहे आणि मुलांची रात्रीच्या जेवणाची वेळ झाली आहे, अशा स्त्रीचे ते गीत आहे. त्यात वादविवाद नाही, फिर्याद नाही. आहे ते केवळ पाने मांडण्याचे काम. बर्लिनच्या गीतांत गोडवा अनेकदा प्रमाणाबाहेर जातो, हे मान्य करूनही या एका गीतापुढे टीकाकाराला लेखणी आवरती घ्यावी लागते.

‘अ‍ॅनी गेट युअर गन’चे संगीत मुळात जेरोम कर्न करणार होते, १९४५ मध्ये ते अकस्मात वारले आणि काम बर्लिनकडे आले. तालमीच्या सुमारास दिग्दर्शकाला आणखी एक द्वंद्वगीत हवेसे वाटले, तेव्हा टॅक्सीतून घरी पोहोचेपर्यंत बर्लिनने ते रचले, असे सांगतात. शब्द आणि चाल यांचा धनी एकच असला म्हणजे अशी निकड भागते. १९४६ मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकाचे १,१४७ प्रयोग झाले.

१९६२ चे ‘मिस्टर प्रेसिडेंट’ मात्र पडले आणि त्यानंतर ब्रॉडवेसाठी त्याने नवे नाटक केले नाही. १९८९ च्या सप्टेंबरात, वयाच्या एकशे एकाव्या वर्षी, त्याचा अंत झाला, तेव्हा ‘म्युझिक बॉक्स’मधला त्याचा हिस्सा कायम होता आणि तो वारसांच्या नावे गेला.